"बॅग गाडीत कामून ठेवली?" हे विचारणं आता बंद करा

आज सकाळी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका वहिनींनी फोटो टाकला. मंगल कार्यालयाबाहेर लावलेल्या गाडीची मागची काच फोडलेली, सीटवर काचेचा सडा, बॅग गायब. बॅगेत लेकीचे कानातले आणि दहावी-बारावीचे ओरिजनल मार्कमेमो. खाली धडाधड उत्तरं आली. "ओरिजनल घेऊन लग्नाला कामून गेलात?" "दागिने गाडीत ठेवतेत का कुणी?" "आजकाल काळजी घ्यावी लागते वहिनी." घरातलं कुणी रागावलं का, पोलिसात कोण सोबत येतंय, लेकरू रडतंय का, हे एकानंही विचारलं नाही. माझं डोकं तेव्हापासून फिरलंय.

कारण हे सगळं मी ऐकून घेतलंय. अण्णांना नांदेडला दाखवायला नेलं होतं, डॉक्टर लेनमध्ये. गाडी मीच चालवत होते. काचा वर, दारं लॉक, दिवसाउजेडी, माणसांनी भरलेला रस्ता. परत आलो तर ड्रायव्हरमागची काच नाही. पर्स गेली, लायसन्स गेलं, एटीएम कार्ड गेलं. आणि अण्णांची फाईल गेली. अँजिओग्राफीची सीडी, सगळे रिपोर्ट आणि एक छोटी वही. त्या वहीत अण्णा रोज सकाळची शुगर आणि बीपी लिहायचे, आणि त्याच ओळीत शेवटी मोंढ्यातला सोयाबीनचा भाव. चोराला त्याचं काय मोल? कुठल्या तरी नालीत फेकून दिली असेल.

मी सीटवरची काच हाताने गोळा करायला लागले, तेवढ्यात मोसंबीच्या गाड्यावरचे चाचा झाडू घेऊन पळत आले. "बेटा, हात नको लावू, बारीक काच हाय." बाजूची काच फुटली की तिचे साबुदाण्यासारखे दाणे होतात, ते सीटच्या फटीत, बेल्टच्या खाचेत, पायपुसण्यात जाऊन बसतात. चाचांनी सगळं झाडून काढलं, अण्णांना स्टुलावर बसवलं, रस दिला, पैसे घेतले नाहीत. आणि एक शब्द विचारला नाही, की बॅग आत कामून ठेवली होती.

घरी आल्यावर मात्र सगळ्यांनी विचारलं. काकांनी तर त्याच्याही पुढं, "बाईमाणसानं एकटीनं गाडी न्यायचीच कामून?" काच फोडणारा राहिला बाजूला, गुन्हेगार मी! आजारी बाप मागे बसलेला, खिडकीला मेणकापड चिकटवलेलं, वसमतपासून झिरो फाट्यापर्यंत ते फडफडतंय आणि धूळ अण्णांच्या तोंडावर. ती गाडी घरापर्यंत आणली कुणी? मीच ना?

बरं, बॅग डिकीत ठेवलेली बरी, मान्य. पण ते आदल्या दिवशी सांगा, काच फुटल्यावर नाही.

ठाण्यातही तेच. इथं परभणीत गेले (कोणतं ठाणं ते सांगत नाही) तर म्हणे, "घटना नांदेडची, तिकडं जा. नाहीतर कागदपत्रं गहाळ झाल्याचा दाखला घेऊन टाका, लवकर काम होतं." अहो, काच फोडून नेलंय, माझ्या हातून पडलं नाही! गहाळचा दाखला घेतला की चोरीची नोंदच होत नाही आणि चोर पुढच्या गाडीकडं मोकळा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ वाचा. गुन्हा कुठंही घडो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवायचं. मी छापलेलं कलम टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठं लिहून घेतलं. पोलिसांकडं माणसं कमी आहेत, बंदोबस्तातच जीव जातो त्यांचा, हेही खरं. पण म्हणून बाईला दारातून परत पाठवायचं?

वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर बॅगेत एटीएम कार्ड असल्यास आधी ते ब्लॉक करा. बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या अंगावर, आपल्या नाही. तक्रारीचा नंबर जपून ठेवा. मोबाईल गेला असेल तर पोलीस तक्रारीच्या प्रतीवर संचार साथी या सरकारी वेबसाईटवरून तो बंद करता येतो. मार्कमेमोसाठी रडू नका. शाळा-कॉलेजमार्फत अर्ज केला की विभागीय मंडळातून, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरहून, दुय्यम प्रत मिळते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल तर काच मिळते, बॅगेतलं सहसा काही मिळत नाही. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो; तो वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो. आधी हिशोब करा, मग क्लेम करा. काचेला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

लेकीला मात्र आज काही बोलू नका. अण्णा मला काहीच बोलले नाहीत. नवी वही आणली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि मला म्हणाले, "माय, आजचा भाव बघ बरं मोबाईलवर." फाईलसुद्धा डॉक्टरांनी परत तयार करून दिली, जुने रिपोर्ट लॅबच्या कॉम्प्युटरवर निघाले. सीडी नाही मिळाली.

ग्रुपवर शहाणपण शिकवणाऱ्यांनो, वहिनींचे मालक बाहेरगावी आहेत. उद्या अकरा वाजता मी त्यांच्यासोबत ठाण्यात जाणार आहे. अजून कुणी येणार असेल तर इथंच सांगा. आणि बाजूची काच त्याच दिवशी बसवून देणारा परभणीत कुणी असेल तर त्याचा पत्ता टाका.