उताऱ्यात नसलेलं उत्तर आणता कुठून?

वाद सुरू झाला ओंकारच्या शब्दयादीवरून. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा तोंडावर आलीय, रीडिंगचे मार्क जागचे हलत नाहीत, म्हणून तो रोज नवे शब्द घोकतोय.

"शब्दच माहीत नसतील तर कळणार काय डोंबल?" ओंकार म्हणाला.

मुग्धाने ते खोडून काढलं नाही. "शब्द लागतातच. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता की कुणाला न विचारता इंग्रजी पुस्तकं, वर्तमानपत्रं वाचायची तर ८ ते ९ हजार शब्दकुळं हवीत. यूज, यूजफुल, यूजलेस हे सगळं मिळून एक कुळ. पण एवढे शब्द घोकून होतात का? ते वाचता वाचताच अंगवळणी पडतात. यादीच हवी असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट घे. ५७० कुळं आहेत, आणि अभ्यासाच्या मजकुरात ती पदोपदी भेटतात. तुझ्या यादीतले निम्मे शब्द परीक्षेत फिरकणारही नाहीत."

नंदूचं वेगळंच. "अरे, शब्दांचं सोडा. वेळच पुरत नाही. स्पीड वाढवा."

इथे मला राहवलं नाही. ॲकॅडेमिक रीडिंगमध्ये ३ उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. तिन्ही उतारे मिळून जास्तीत जास्त २७५० शब्द. मिनिटाला १५० शब्द अशा निवांत चालीने वाचलं तरी १८-१९ मिनिटांत सगळं वाचून होतं. मग उरलेली ४० मिनिटं जातात कुठे? तेच वाक्य चार वेळा वाचण्यात, दोन पर्यायांमध्ये घुटमळण्यात. वाचनाचे अभ्यासक कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये स्पीड रीडिंगवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यातही हेच निघालं: वेग फार ताणला की समज घसरते.

"मग करायचं काय?" ओंकार वैतागला. मी त्याच्याच वहीतलं एक वाक्य मोठ्याने वाचलं: "द थिअरी दॅट लँग्वेज शेप्स थॉट, वन्स डिसमिस्ड बाय मोस्ट स्कॉलर्स, हॅज रिसेंटली अट्रॅक्टेड रिन्यूड इंटरेस्ट." आणि विचारलं, आता बहुतेक अभ्यासकांनी ही थिअरी स्वीकारली आहे, ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन?

"ट्रू," ओंकार लगेच म्हणाला. "पूर्वी नाकारली होती, आता पुन्हा वर आली."

"फॉल्स," नंदू म्हणाला. "बहुतेकांनी नाकारली असं लिहिलंय की!"

दोघेही हटेनात. वाक्यात एकही अवघड शब्द नाही, हे विसरू नका. मुग्धाने वही ओढली, 'थिअरी'पासून बोट फिरवत थेट 'हॅज अट्रॅक्टेड'वर आणलं. "मुख्य क्रियापद हे. मधलं सगळं थिअरीबद्दलची माहिती. म्हणजे कणा एवढाच: थिअरीकडे पुन्हा लक्ष गेलंय. लक्ष गेलं म्हणजे पटली असं कुठे लिहिलंय? आणि नंदू, नाकारली ती पूर्वी. आज बहुतेकांचं काय मत आहे, ते वाक्य सांगतच नाही. नॉट गिव्हन."

मराठीत आपण क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबतो. इंग्रजीत ते मध्येच येतं आणि लांब वाक्यात कर्त्यापासून पार दूर जाऊन बसतं. तिथे वाचणारा अडखळतो आणि उरलेली जागा अंदाजाने भरतो. याला 'तुझं इंग्रजीच कच्चं' म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मातृभाषेत शिकलेली हुशार मुलं त्या एका शेऱ्याने खचतात. नेमकं कुठे अडतं, हे त्यांना कुणी दाखवत नाही.

सलीम तोवर गप्प होता. म्हणाला, "विषय ओळखीचा असला की मला सगळं सोपं जातं, हे कसं काय?" प्रश्न रास्त होता. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग आहे. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन शाळकरी मुलांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात तरबेज पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणून प्राणी, पुरातत्त्व, हवामान, मानसशास्त्र असं सगळीकडचं वाचायला हवं. सुरुवातीला मराठीतून वाचलं तरी चालेल. फक्त परीक्षेत आपल्या माहितीवरून उत्तर द्यायचं नाही. सलीमला 'नॉट गिव्हन' बाधतं ते तिथेच.

शेवटी मी ओंकारला एवढंच सुचवलं: रोज एकच उतारा. आधी घड्याळ लावून सोडव. मग घड्याळ बाजूला ठेव आणि प्रत्येक उत्तरासमोर उताऱ्यातलं ते वाक्य लिही, ज्याच्या जोरावर उत्तर दिलंस. वाक्य सापडलं नाही, तर उत्तर बरोबर आलं तरी ते चुकलं असं धर. चुकलेल्याच्या पुढे कारण लिही: शब्द अडला, कणा सापडला नाही, की पदरचं घातलं? आठवड्याने कुठलं कारण जास्त भरतंय ते बघ आणि त्यावरच मेहनत घे.

"एका उताऱ्याला तास जाईल," नंदू म्हणाला.

"जाऊ दे," मुग्धा म्हणाली. "तीन उतारे नुसते सोडवून मार्क मोजण्यापेक्षा बरं."

आधी प्रश्न वाचायचे की उतारा, यावर मात्र मुग्धा आणि नंदूचं शेवटपर्यंत जमलं नाही. ओंकार दोन्ही करून बघणार आहे, निम्मे उतारे असे, निम्मे तसे. यादी त्याने अजून टाकलेली नाही.