उसाचा काटा आणि इराणचं युरेनियम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बॉम्बपुरतं युरेनियम तयार करायला इराणला किती आठवडे लागतील, याच्या अंदाजांवर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली.

‘काका, सोलापुरात बसून इराणचं युरेनियम कशाला मोजताय? हे अंदाज म्हणजे पंचांग. इराकमध्ये तोंडावर पडलेच ना सगळे?’ असं तुम्ही लिहिलंत. भारताने सही न केलेल्या कराराची मी वकिली करतो, असा ठपकाही ठेवलात.

ठपक्याचं आधी. 1970 साली लागू झालेला अण्वस्त्रप्रसारबंदी करार भेदभाव करतो, हे मान्य. 1 जानेवारी 1967 पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश अण्वस्त्रांचे मान्यताप्राप्त धनी, बाकीचे पाहुणेसुद्धा नाहीत. हे लेखात यायला हवं होतं, राहून गेलं. पण उसाच्या काट्यावरून आपल्या जिल्ह्यात दर हंगामात भांडणं होतात, म्हणून ऊस न मोजताच गाळा असं कोणी म्हणत नाही. उलट काटा तपासा म्हणतात.

इराकचे तुम्ही दोन प्रसंग एकात कालवलेत. 1991 च्या युद्धानंतर उघड झालं की आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक इराक दाखवील तेवढंच बघत होते आणि खरं काम भलतीकडेच चाललं होतं. ती चूक खरीच. त्यातूनच 1997 चा अतिरिक्त प्रोटोकॉल, म्हणजे निरीक्षकांना जादा अधिकार देणारा जोडकरार, आला: न सांगितलेल्या जागीही जायचं, भिंती-यंत्रं पुसून धुळीचे नमुने न्यायचे. 2003 ला मात्र उलटं झालं. इराकने मागवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या गरगर फिरणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, असं अमेरिका म्हणत होती. निरीक्षकांच्या मते त्या रॉकेटसाठी होत्या. अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा नाही, हे संस्थेचे तेव्हाचे प्रमुख एल बारादेई यांनी 7 मार्चला सुरक्षा परिषदेत सांगितलं. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालं. पंचांग बरोबर होतं हो, मुहूर्त आधीच काढलेला होता.

आता तुमचं ‘60 टक्के म्हणजे 90 ला अजून बराच पल्ला’. हे टक्के म्हणजे युरेनियमची समृद्धी, त्यातल्या कामाच्या अणूंचं प्रमाण; बॉम्बसाठी साधारण 90 धरतात. इथे मात्र गणित चुकलं. खाणीतल्या युरेनियमचे हजार दाणे, म्हणजे अणू, सुपात घ्या. कामाचे, म्हणजे युरेनियम-235 चे, त्यात जेमतेम 7. (ज्वारी पाखडताना हलकं उडून जातं, इथे हलकेच दाणे हवेत.) 4 टक्क्यांवर यायला 825 दाणे काढावे लागतात, उरतात 175. 20 टक्क्यांवर उरतात 35, 60 वर बारा, 90 वर आठ. म्हणजे शेवटच्या टप्प्यात काढायचे फक्त चार! 2015 च्या अणुकरारात इराणला 3.67 टक्क्यांवर थांबवलं होतं ते यासाठीच. 2021 पासून तो 60 पर्यंत जाऊ लागला. एका बॉम्बपुरतं म्हणून संस्था 25 किलो युरेनियम-235 धरते. साठा किती, तो कितपत समृद्ध, सेंट्रिफ्यूज किती, यावरून किती आठवडे लागतील ते काढता येतं. तेहरानच्या मनात काय आहे, ते नाही काढता येत, आणि मी तसा दावाही केलेला नाही.

भेदभावाचा परिच्छेद आज मूळ लेखात घातला आहे. 1974 चा पोखरणचा आपला अणुस्फोट आणि त्यासाठी वापरलेलं, शांततेच्या कामासाठी म्हणून कॅनडाकडून मिळालेल्या सायरस अणुभट्टीतलं प्लुटोनियम, हा तुमचा शेवटचा टोला. तो बरोबर बसलाय. त्यावर पुढचा लेख लिहितो, इथे मावणार नाही.