‘इथ० परत आणा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि तिच्यातला मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डेबियन लिनक्सच्या मशीनमध्ये एनव्हीएमई डिस्क बसवली, रीबूट केलं, नेटवर्क कार्डाचं नाव ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं आणि नेटवर्क गेलं. म्हणजे नवीन पद्धतीची नावं स्थिर असतात हा दावाच फोल. मग कार्डाला आपलं नाव देणारी लिंक फाइल लिहिण्याचा खटाटोप कशाला? कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) नवी पद्धत बंद करणारं नेट.इफनेम्स=० सांगा, वीस वर्षं चाललेलं इथ० हे जुनं नाव परत मिळेल. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

तुम्हाला जे दिसलं ते खरंच घडतं. उपाय मात्र धोक्याचा आहे, विशेषतः दोन कार्डं असलेल्या मशीनवर.

आधी नाव का बदललं ते पाहू. ईएनपी३एस० मधला ३ हा पीसीआय बसचा (कार्डं बोर्डाला जोडणाऱ्या वाटेचा) क्रमांक आणि शेवटचा ० हा त्या बसवरच्या उपकरणाचा. हा बस क्रमांक बोर्डावर कुठेही कोरलेला नसतो. प्रत्येक बूटला फर्मवेअर (बोर्डावरचा बायोससारखा प्रोग्रॅम) मुळापासून एकेका पोर्टमागे काय आहे ते तपासत जातं आणि सापडेल तसे क्रमांक देत जातं. कित्येक बोर्डांवर रिकामा पोर्ट फर्मवेअर लपवून ठेवतं. तुम्ही एम.२ मध्ये डिस्क लावलीत, तो पोर्ट जागा झाला, त्याने एक क्रमांक घेतला आणि त्याच्या पुढची सगळी उपकरणं एकाने सरकली. ग्राफिक्स कार्ड काढलं किंवा बायोसमध्ये एखादा कंट्रोलर बंद केला, तरी हेच उलट दिशेने होतं. म्हणजे हे नाव कार्डाचं नाही, कार्डापर्यंतच्या वाटेचं आहे. हार्डवेअर जसंच्या तसं असेल तोवर ते स्थिर राहतं. त्याचं आश्वासन तेवढंच आहे.

इथे अनेकजण आणखी एका ठिकाणी अडकतात: पीसीआय उपकरणांची यादी देणारी एलएसपीसीआय ही आज्ञा बस क्रमांक सोळाच्या पायात (दहासाठी ए) दाखवते, नावात तो दहाच्या पायात येतो. एलएसपीसीआयमध्ये ०ए दिसणारं कार्ड म्हणजे ईएनपी१०एस०.

आता इथ० कडे. हे नाव म्हणजे दवाखान्यातला नंबर. जो आधी आला त्याला पहिला. बोर्डावरचं रिअलटेक कार्ड आर८१६९ ड्रायव्हरवर चालतं, स्लॉटमधलं इंटेल कार्ड आयजीबीवर. हे ड्रायव्हर समांतर लोड होतात आणि जो आधी तयार होईल त्याचं कार्ड इथ० होतं. महिनोन्‌महिने क्रम तोच राहतो, म्हणून विश्वास बसतो. मग एक कर्नल अपडेट येतं आणि दोघांची अदलाबदल होते. मशीन राउटर म्हणून चालत असेल तर परिणाम गंभीर आहे. घरासाठी फायरवॉलमध्ये उघडे ठेवलेले पोर्ट इंटरनेटच्या बाजूला उघडतात आणि घरात पत्ते वाटणारा डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम इंटरनेट पुरवठादाराच्या वायरवर आयपी पत्ते वाटायला लागतो. तुमच्या ईएनपी४एस० च्या प्रसंगात नेटवर्क बंद पडलं, हे त्या मानाने पुष्कळ बरं. बिघाड निदान लगेच कळला.

‘वीस वर्षं चाललं’ हेही तपासायला हवं. मधल्या काळात इथ० स्थिर दिसायचं ते युडेव्हच्या (उपकरणं ओळखून त्यांना नावं देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स या फाइलमुळे. मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर क्रमांक) पाहून ती नाव ठरवायची, पण बदल इथ० आणि इथ१ यांच्यातच करायची. त्याच वेळी कर्नलही तीच नावं वाटत असायचा. टक्कर झाली की रीनेम२ अशा नावाचं कार्ड अर्धवट लटकलेलं सापडायचं. याच कारणाने जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) १९७ पासून पद्धत बदलली. एकच कार्ड असलेल्या व्हर्च्युअल मशीनवर नेट.इफनेम्स=० ठेवायला माझी काही हरकत नाही. दोन कार्डं असतील तर ठेवू नका.

लिंक फाइलचा आग्रह याच्यासाठी की नाव कशाशी बांधायचं हे त्यात आपण ठरवतो. कामाचा क्रम असा. ‘आयपी -बीआर लिंक’ने कार्डांची यादी काढा. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘रीनेम्ड फ्रॉम’ शोधा, कोणत्या ड्रायव्हरच्या कार्डाला काय नाव मिळालं ते कळेल. कोणतं नाव पाठीमागच्या कोणत्या भोकाचं, हे अंदाजाने ठरवू नका: ‘इथटूल’ला छोटा पी, कार्डाचं नाव आणि १० दिलं की त्या पोर्टचा दिवा दहा सेकंद लुकलुकतो. काही कार्डांना हे जमत नाही. तिथे केबल काढून यादीत कोण डाउन झालं ते बघा. मोठा पी दिला की कारखान्यातून आलेला मूळ मॅक पत्ता मिळतो.

मग ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क या फोल्डरात १०-लॅन०.लिंक नावाची फाइल. मॅच विभागात परमनंटमॅकअ‍ॅड्रेस आणि टाइप=ईथर, लिंक विभागात नेम=लॅन०. नुसतं मॅकअ‍ॅड्रेस लिहिलं तर ब्रिज आणि व्हीलॅनही (कार्डावर उभी केलेली आभासी कार्डं) त्याच्या तावडीत येऊ शकतात, कारण ते खालच्या कार्डाचाच पत्ता घेतात. नाव पंधरा अक्षरांच्या आत हवं आणि इथ ने सुरू होणारं नको, नाहीतर कर्नलशी तीच जुनी टक्कर. सुरुवातीचा १० महत्त्वाचा आहे: फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, पहिली जुळणारी लागू होते, आणि ९९-डिफॉल्ट.लिंक सगळ्यांनाच जुळते.

रीबूटच्या आधी जुनं नाव जिथे जिथे आहे ते बदला: इंटरफेसेस फाइल, ब्रिजचे पोर्ट, डीएनएसमास्क, फायरवॉल. एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) ‘आयआयएफ’ असेल तर तिथे ‘आयआयएफनेम’ लिहा. ‘आयआयएफ’ नियम लोड होतानाच कार्ड शोधतं. ते नसेल तर नियमांची पूर्ण फाइलच नाकारली जाते आणि मशीन फायरवॉलशिवाय उठतं. नाव बदलण्याच्या सगळ्या त्रासात हा सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत वाईट.

आता तुमची शेवटची तक्रार: ‘लिंक फाइल लिहूनही काही झालं नाही.’ याची दोन नेहमीची कारणं आहेत. कार्डाचं नाव बहुधा इनिटरॅमएफएसमध्येच (बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइलसंचात) ठरून जातं आणि तिथे तुमची नवी फाइल नसते. डेबियन, उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट -एफ’ चालवा. दुसरं, वर्षानुवर्षं अपग्रेड होत आलेल्या मशीनवर ती ७० क्रमांकाची जुनी रूल्स फाइल ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी मध्ये पडून असते. तिने नाव दिलं की लिंक फाइलमधलं नाव वापरलंच जात नाही. ती बाजूला काढा. उबुंटूवर नेटप्लॅनमध्ये (तिथल्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये) सेट-नेम लिहिलं असेल तर तेही पाठीमागे लिंक फाइलच बनवतं, तेव्हा दोन्हींपैकी एकच जागा ठेवा. नेमकी कोणती फाइल लागू होते आहे हे रीबूट न करता ‘युडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टइन नेट_सेटअप_लिंक’ आणि पुढे सिस/क्लास/नेट मधल्या कार्डाचा मार्ग देऊन दिसतं. पहिला रीबूट मात्र मॉनिटर आणि कीबोर्ड जोडूनच करा. फक्त एसएसएचवर विसंबून नको.

मॅक पत्त्याला बांधणं सगळीकडे योग्य नाही, हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. काही छोट्या बोर्डांना प्रत्येक बूटला नवा पत्ता मिळतो, आणि क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनला तर वेगळाच. तिथे मॅच विभागात पाथ= वापरा; त्याचं मूल्य ‘युडेव्हएडीएम इन्फो’मधल्या आयडी_पाथ ओळीतून घ्या. पीसीआय कार्डाच्या पाथमध्येही बस क्रमांक असतोच, त्यामुळे डिस्क वाढवल्यावर तो सरकणार हे गृहीत धरा. तुमच्या मशीनला, जिथे डिस्का बदलतात पण कार्ड तेच राहतं, मूळ मॅक पत्ताच योग्य. पुढे कधी कार्ड बदललंत तर त्या फाइलमधली पत्त्याची एक ओळ बदला आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. ब्रिज, फायरवॉल, डीएनएसमास्क यांना हात लावावा लागणार नाही.