परवाना मोकळा, देखभाल कोणाची?

रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ओपन सोर्सचा, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, एमआयटी किंवा अपाचीसारखा मोकळा परवाना आहे ना, मग वापरा आणि विसरा. दुसरा म्हणतो, परवानेच कडक करा, म्हणजे मोठ्या कंपन्या झक मारून पैसे मोजतील. जर्मनीतून पाहताना वाटते की दोघेही परवान्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवून आहेत.

कडक करण्याचा प्रयोग होऊन गेला आहे. इलास्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरने 2021 मध्ये अपाची 2.0 परवाना सोडला, तेव्हा ॲमेझॉनने आधीच्याच कोडवरून ओपनसर्च काढले. रेडिस या डेटाबेसने मार्च 2024 मध्ये बीएसडी हा मोकळा परवाना सोडला आणि काही दिवसांतच त्याच्याच कोडवरून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की उभे राहिले. पुढे इलास्टिकसर्च आणि रेडिस दोघांनीही एजीपीएल या ओपन सोर्स पण कडक अटींच्या परवान्याचा पर्याय दिला. मोकळ्या परवान्याने दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही, आणि तो कोड कळणारे इंजिनिअर ज्यांच्या पदरी असतात त्यांचे काही अडत नाही. अडते ते बाकीच्यांचे.

हापूसच्या पॅकहाऊसचे ॲप घ्या. त्याचे भाग ओपन सोर्सचेच. पडद्यावर रिॲक्ट, बागांच्या नकाशाला लीफलेट, सर्व्हरवर स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेस डेटाबेस, वळवाच्या पावसात नेटवर्क गेले तरी पेट्यांची नोंद थांबू नये म्हणून फोनवर एसक्यूलाइट ही छोटी डेटाबेस लायब्ररी. (एसक्यूलाइटवर कॉपीराइटच नाही, तरीही ज्यांच्या वकिलांना कागद हवा असतो त्यांना तिचे कर्ते परवाना विकतात.) एमआयटीची अट एवढीच: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत गेला पाहिजे. अपाची 2.0 मध्ये बदललेल्या फायलींवर तशी नोंद करावी लागते आणि मूळ प्रकल्पाची नोटिस फाइल असेल तर तीही पुढे द्यावी लागते. चूक होते ती बिल्डच्या वेळी. कोड आकसवणारे टूल कमेंट उडवते, त्याबरोबर या ओळीही जातात. ॲपमध्ये ‘ओपन सोर्स परवाने’ असा एक पडदा ठेवला आणि तो बिल्डमध्येच आपोआप भरला की प्रश्न मिटतो.

पण हे सोपे काम. खरा खर्च होतो तो आपल्याच प्रतीत गुपचूप केलेल्या दुरुस्तीचा. लायब्ररीतला बग सापडतो, डेडलाइन उद्यावर असते, फाइल थेट बदलली जाते. वर्षभराने सुरक्षेची नवी आवृत्ती येते, ती बसत नाही, आणि बदल करणारा पुण्याला गेलेला असतो. त्याऐवजी बग दाखवणारी छोटी टेस्ट लिहा, ती दुरुस्तीसह मूळ प्रकल्पाला पाठवा आणि स्वीकारली जाईपर्यंत आपला बदल वेगळ्या पॅच फाइलमध्ये, मूळ प्रकल्पातल्या इश्यूच्या (त्या बगच्या नोंदीच्या) दुव्यासह ठेवा.

दुसरे काम ॲपमध्ये वापरलेल्या घटकांच्या यादीचे. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा ती आपल्याकडे आहे की नाही हेच अनेकांना सांगता येईना. जारच्या (जावाच्या कोडच्या गठ्ठ्याच्या) आतल्या जारमध्ये ती दडलेली होती. 2.15.0 ची दुरुस्ती अपुरी ठरली, मग त्याच महिन्यात 2.16.0 आणि 2.17.0 आल्या. सिफ्ट किंवा ट्रिव्ही या टूलने प्रत्येक रिलीजमधल्या घटकांची यादी काढून जपून ठेवली, तर असा शोध काही मिनिटांत लागतो.

इकडच्या कंपन्या जात्याच उदार आहेत, असे मात्र समजू नका. फरक पडला आहे तो सरकारमुळे. जर्मनीने 2022 पासून सरकारी पैशातून अशा पायाभूत प्रकल्पांची देखभाल करणाऱ्यांना काम द्यायला सुरुवात केली. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्यानुसार घटक निवडताना काळजी घेणे, त्यातली त्रुटी मूळ प्रकल्पाला कळवणे आणि दुरुस्ती केली असेल तर ती देणे उत्पादकावर बंधनकारक होते आहे. बहुतेक तरतुदी 11 डिसेंबर 2027 पासून लागू. मिरजोळे एमआयडीसीत बनलेला शीतगृहाचा सेन्सर हॅम्बुर्गला विकायचा असेल, तर ही जबाबदारी मिरजोळ्यातल्या उत्पादकाची.

भारतात झेरोधा या ब्रोकर कंपनीने 2024 मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आठ जणांच्या कंपनीला तसे कसे जमेल? पण गणपतीआधी पाखाडी साफ करायला घरटी एक माणूस जातो, आणि ज्याला जमत नाही तो पैसे देतो. हा हिशेब इथेही चालेल. महिन्याला एका इंजिनिअरचे दोन दिवस मूळ प्रकल्पांसाठी राखा. पैसेच द्यायचे तर देणगीपेक्षा सपोर्टचे बिल मागा. अकाउंटंटला ते खर्चात धरता येते. परदेशी सेवा म्हणून रिव्हर्स चार्जचा (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा) जीएसटी भरावा लागेल, तेवढे आधीच सांगून ठेवा.

रिॲक्टला तुमच्या दोन दिवसांची गरज नाही. यादीत असे पॅकेज शोधा, ज्याचा सगळा भार एकाच माणसावर आहे. फाइली आकसवणारे एक्सझेड तसेच होते. थकलेल्या एकट्या कर्त्याचा विश्वास मिळवून कोणीतरी त्यात चोरदरवाजा घातला, आणि मार्च 2024 मध्ये तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरणे) अर्धा सेकंद जास्त का घेते, हे खटकले म्हणून.