अल्गोरिदमवर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. "तुम्ही काय विचार करायचा हे अल्गोरिदम ठरवतो. हिस्ट्री डिलीट करा, दोन्ही बाजूंची पेजेस फॉलो करा, आठ दिवसांत फिल्टर बबल फुटेल." (अल्गोरिदम म्हणजे कुणाला कुठली पोस्ट दाखवायची हे ठरवणारी अॅपची यंत्रणा, आणि फिल्टर बबल म्हणजे आपल्याच मताच्या पोस्टचा बुडबुडा.) पाठवणारे सगळे चांगल्या मनाने पाठवतायत, म्हणूनच लिहितोय, कारण यात खरं थोडं आहे आणि सोयीचं जास्त.

आधी हिस्ट्रीचं. यूट्यूबची हिस्ट्री पुसली तर सुचवलेले व्हिडिओ बदलतात, मान्य. पण तुमचे मित्र, तुमचे ग्रुप, तुम्ही फॉलो केलेली माणसं तीच राहतात ना?

आता "अल्गोरिदम ठरवतो" हे. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या हजारो लोकांची फीड तीन महिने साधी वेळेच्या क्रमाने लावून बघितली. समोर येणाऱ्या पोस्ट बदलल्या, पण लोकांच्या राजकीय मतांमध्ये लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही. याचा अर्थ कंपन्या निर्दोष आहेत असा अजिबात नाही, तीन महिने म्हणजे काय आयुष्य नव्हे, पण एक बटण बंद केलं की माणूस मोकळा होतो हे तरी खरं नाही.

दोन्ही बाजू फॉलो करायचा सल्ला ऐकायला छान वाटतो. अमेरिकेतच ट्विटरवर काही लोकांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध मताचं अकाउंट फॉलो करायला लावलं होतं, २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले, तर तिथल्या उजव्या विचाराच्या रिपब्लिकन पक्षाचे लोक उलट आपल्या मतावर जास्त घट्ट झाले. मला यात नवल वाटत नाही, मी पण करून बघितलंय, समोरच्या बाजूचं जे सगळ्यात कर्कश तेच आधी दिसतं आणि आपण म्हणतो, बघा, हे असेच असतात.

आणि मला खरं बोलायचंय ते व्हॉट्सअॅपबद्दल. ग्रुपमध्ये कुठला मेसेज वर दाखवायचा हे कुठलं मशीन ठरवत नाही, आला तसा दिसतो. तरीही १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज फिरत होते, आणि मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ते मेसेज पुढे माणसांनीच ढकलले होते हो, एकेका अंगठ्याने, काळजीपोटी सुद्धा.

आमच्या घरच्या ग्रुपचं सांगतो. एक काका दर फॉरवर्डखाली एवढंच लिहायचे, "हे कुठे छापून आलंय?" कुणी उत्तर द्यायचं नाही, खाली लगेच गुड मॉर्निंगची फुलं यायची. दिवाळीत दादाने त्यांना ग्रुपमधून काढलं, "वातावरण खराब करतात" म्हणून. स्क्रीनवर करड्या अक्षरात एक ओळ आली आणि आम्ही बावीस जण गप्प बसलो, मी पण. त्या दिवसापासून ग्रुपवर एकही प्रश्न आलेला नाही.

काल काकांना फोन केला. त्यांनी आधी आईच्या गुडघ्याची चौकशी केली, मग विचारलं, "ग्रुपवर काय चाललंय रे?" दादाला मी मेसेज टाकलाय त्यांना परत घे म्हणून. निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.