पू धरला म्हणजे घाण गेली?

शिंगाळा माशाचा काटा लागून सुजलेल्या पायाचा फोटो आणि खाली सल्ला, असा एक मेसेज सध्या आमच्या मालवणातल्या ग्रुपांवर फिरतोय: ‘पू धरला तर घाबरू नका, अंगातली घाण बाहेर पडतेय. पाय खाडीच्या पाण्यात बुडवा, हळद-चुना भरा, भात-मासे बंद करा. गंजलेलं लोखंड लागलं नसेल तर इंजेक्शन नको.’

आधी घाणीचं बघू. जखमेतून आत शिरलेल्या जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशी, ते जंतू आणि सडलेलं मांस, एवढं मिळून पू होतो. अंगात तो आधीपासून साठलेला नसतो. ही समजूत आपल्याच आजीबाईंची आहे असंही नाही. युरोपातले वैद्य घट्ट, पांढऱ्या पुवाला शेकडो वर्षं ‘चांगला पू’ म्हणत. १८६७ मध्ये ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टरने जंतुनाशक कार्बोलिक आम्ल वापरून दाखवलं, की हाड मोडून कातडी फाटली तरी जखम पू न धरता भरू शकते. साचलेला पू काढावा लागतो हे खरं, पण ते डॉक्टरने चीर देऊन. घरी पिळलात तर तो आतच पसरतो.

खाडीचं पाणी खारट, म्हणून जंतू मरतात? कोमट, मचूळ पाण्यातच व्हिब्रिओ जातीचे जंतू मजेत वाढतात. यकृताचा आजार असलेल्याच्या जखमेत त्यातला एखादा शिरला तर पाय काय, जीवही जाऊ शकतो. शिंगाळ्याच्या काट्याचा ठणका मात्र सोसवेल इतक्या गरम पाण्याने उतरतो. ते पाणी चुलीवरचं, खाडीतलं नव्हे.

चुन्याने कातडी भाजते. पुढे काही सांगायला नको.

भात-मासे बंद! मग सिंधुदुर्गातल्या माणसाने खायचं काय? जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि बांगड्यात ती भरपूर असतात.

धनुर्वाताचे जंतू गंजात नाही, मातीत आणि शेणात असतात. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला लोखंड लागायची गरजच नाही. काट्याचं बारीक, खोल भोक त्यांना फार सोयीचं, कारण तिथे हवा पोचत नाही.

त्या फोटोतली लाली घोट्याच्या वर चढलेली दिसते. जांघेत अवधाणही, म्हणजे सुजलेली गाठही, आलं असेल. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तो निघेपर्यंत जखम पुन्हा पुन्हा चिघळणार. मेसेज पुढे पाठवण्याआधी त्या माणसाला कुणी दवाखान्यात नेलं का?