मोरोकांना पदावरून काढले, पुसून टाकले नाही

सावरकरांच्या अंदमानातील दयेच्या अर्जांवरून महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा पेटणारा वाद इथे दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनमध्ये बसून वाचताना मला मनस्वी चीड येते, कारण दोन्ही बाजूंना अख्खे आयुष्य एकाच कागदावर तोलायचे असते. पुण्यातील एका मित्राला मी जवळच्याच थाबा न्चू गावच्या डॉक्टर जेम्स मोरोकांची हकिगत कळवली, तेव्हा त्यानेही एका शब्दात निकाल लावला: गद्दार.

मोरोका बारोलाँग या तिथल्या आफ्रिकन जमातीच्या प्रमुखांच्या घराण्यातले. १८३६ मध्ये वेखकॉपच्या लढाईनंतर बैल गमावून अडकलेल्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या, कुटुंबांना याच घराण्याने बैल पाठवून सोडवले होते. मोरोका १९१८ मध्ये एडिंबरोहून डॉक्टर झाले आणि गावी परतले. काळे-गोरे दोन्ही रुग्ण त्यांच्याकडे येत, आणि १९१३ च्या कायद्याने काळ्यांसाठी जेमतेम ७ टक्के जमीन ठेवलेल्या देशात ते सधन शेतकरीही होते. गमावण्यासारखे पुष्कळ असलेला हा माणूस १९४९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा अध्यक्ष झाला. अन्यायी कायदे रद्द करा, अशी मुदत पंतप्रधान मलान यांना देणाऱ्या १९५२ च्या पत्रावर त्यांची आणि संघटनेचे सरचिटणीस वॉल्टर सिसुलूंची सही होती, आणि नंतरच्या कायदेभंगात ८,००० हून अधिक लोकांना अटक झाली.

या कायदेभंगाबद्दल नेत्यांवर चाललेल्या खटल्यात मात्र २० आरोपींपैकी मोरोकांनी स्वतःचा वेगळा वकील दिला, आणि आरोपींत कम्युनिस्ट कोण, असे विचारताच भारतीयांचे नेते युसुफ दादू आणि सिसुलूंकडे बोट दाखवायला सुरुवात केली. ते आवश्यक नाही, असे न्यायमूर्ती रुम्फ यांनाच सांगावे लागले. त्याच डिसेंबरात मोरोकांच्या जागी अल्बर्ट लुथुली काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

तरीही थाबा न्चूच्या सरकारी रुग्णालयाला आज मोरोकांचेच नाव आहे. ते बोटही कोणी झाकलेले नाही. खुद्द मंडेलांनी आत्मचरित्रात ते नोंदवले आहे. अर्ज खरे आणि कोठडीतली वर्षेही खरी, एवढे म्हणण्याची प्रौढता आपल्याकडे अजून का येत नाही?

मला हे इतके लागते, कारण मोरोकांप्रमाणे माझेही सर्वांशी बरे चालले आहे. शनिवारच्या ब्रायला, म्हणजे अंगणात मांस भाजण्याच्या मेजवानीला, शेजारचे गोरे आजोबा "तुम्ही भारतीय तसे आमच्यातलेच" म्हणतात, तेव्हा 'आमच्यातले' म्हणजे कोणाविरुद्ध, हे मला नेमके कळते. मी जाळीवरचे बुरवोर्स सॉसेज उलटत राहतो, आणि कोणीतरी आपले म्हटले याचे मला बरेही वाटते. मित्राचा तो शब्द म्हणूनच मला परका वाटला नाही.